सात मिनिटांत अन्नाच्या नासाडीवर कसे बोलावे: टोस्टमास्टर्स क्लबमधल्या भाषणाची तयारी

टोस्टमास्टर्स क्लबमध्ये, म्हणजे भाषणाचा सराव करायला लोक जमतात त्या मंडळात, शाश्वत अन्नावर होणारी भाषणे बहुधा दोन कारणांनी घसरतात. पाणी, माती, कीटकनाशके, भरडधान्ये, लग्नातली ताटे आणि हवामानबदल हे सगळे सात मिनिटांत कोंबले जाते. दुसरे म्हणजे, जेवणाचा विषय निघाला की वक्ता नकळत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सुरात बोलू लागतो आणि समोरचे लोक मनातल्या मनात 'हो, हो' म्हणून मोकळे होतात. खालची पद्धत ५ ते ७ मिनिटांच्या नेहमीच्या प्रोजेक्ट भाषणासाठी, म्हणजे क्लबच्या अभ्यासक्रमातल्या ठरलेल्या भाषणासाठी आहे. उदाहरण म्हणून घरात वाया जाणारे अन्न घेतले आहे.

पायरी १: विषय लहान करा

कागदावर एक वाक्य लिहा: 'हे भाषण ऐकून श्रोता उद्या…' आणि ते पूर्ण करा. गाळलेल्या जागी 'जागरूक होईल' असे येत असेल तर विषय अजून मोठा आहे. 'भात लावण्याआधी कोण कोण जेवायला आहे ते विचारेल' असे आले की विषय सापडला.

भरडधान्यांवरही चांगले भाषण होते. २०२३ हे भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते, पण ती बातमी झाली. भाषण हवे आठवड्यातून दोनदा गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी करण्याबद्दल, आणि भाकरी थापता न येणाऱ्याने काय करावे याबद्दल.

ऊस आणि पाणी हा विषय पहिल्या भाषणात घेऊ नका. कोल्हापूर-सांगलीकडच्या क्लबमध्ये निम्म्या सभागृहाचे घर उसावर चालत असू शकते आणि त्यांच्या अडचणींना न्याय द्यायला सात मिनिटे पुरत नाहीत. मांसाहाराचेही तसेच. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, पण त्यात लोक मुद्दा न ऐकता आधी बाजू ठरवतात.

पायरी २: एकच आकडा, पण नीट समजलेला

या विषयात चुकीचे आकडे सर्रास फिरतात. 'भारतात पिकणाऱ्या अन्नापैकी ४० टक्के वाया जाते' हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. लुधियानाच्या 'सिफेट' या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अभ्यासात काढणीनंतरचे नुकसान तृणधान्यांत सुमारे ५ ते ६ टक्के होते आणि फळे-भाज्यांत सर्वाधिक पेरूचे, जवळपास १६ टक्के. सभागृहात एखादा कृषी पदवीधर बसलेला असला तर ४० टक्के ऐकल्यावर तो पुढचे काही मनावर घेणार नाही.

जागतिक आकड्यांतही गोंधळ होतो. काढणीपासून दुकानापर्यंत सुमारे १३ टक्के अन्न गळते. दुकाने, हॉटेले आणि घरे मिळून ग्राहकांना उपलब्ध असलेल्या अन्नापैकी सुमारे १९ टक्के वाया जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो. आधी गळती, मग नासाडी. या दोन वेगळ्या टप्प्यांतला एकच निवडा आणि कोणता ते सांगा.

घरगुती भाषणासाठी याच अहवालातला एक आकडा कामाला येतो: भारतात घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. पण ५५ किलो डोळ्यांसमोर येत नाही. भागाकार करा: दिवसाला माणशी १५० ग्रॅम, चौघांच्या घरात ६०० ग्रॅम. आणि इथे प्रामाणिक राहा. या मोजणीत साली, कोयी, हाडे असा न खाण्याचा भागही धरलेला आहे. हे स्वतःहून सांगितले की आकडा थोडा बोथट होतो खरा, पण वक्त्यावरचा विश्वास वाढतो. लपवलेत तर चहाच्या वेळी कोणीतरी विचारणारच.

बाकीचे आकडे गाळा. ओला कचरा डेपोत हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, हे एका वाक्यात सांगून पुढे जा.

पायरी ३: कारणांवर सर्वांत जास्त वेळ द्या

भाषणाचा गाभा इथे आहे. 'लोकांना किंमत नाही' हे कारण होत नाही, तो नुसता ठपका आहे. प्रत्यक्षात काय घडते ते सांगा. स्वयंपाक करणाऱ्याला घरातले कोण बाहेर जेवून येणार हे कळलेले नसते. 'कमी पडायला नको' म्हणून एक वाटी तांदूळ जास्त पडतो. मंडईत दोन जुड्या कोथिंबीर स्वस्त मिळते आणि एक पिवळी पडते. काल उरलेली उसळ स्टीलच्या डब्यात जाते, डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, आणि स्टीलच्या आतले दिसत नाही. मागणी न विचारणे, साठा न दिसणे आणि आतिथ्याचा संकोच अशी तीन कारणे पुरतात. तिसऱ्यावर थोडे रेंगाळा, कारण पाहुण्यापुढे भांडे रिकामे दिसू नये ही भावना वाईट नाही. ती वाईट ठरवलीत तर सभागृह गमावलेच.

पायरी ४: उपाय सांगताना कोणाला आजारी पाडू नका

इथे उत्साही वक्ते सर्वांत मोठी चूक करतात. 'उरलेला भात सकाळी फोडणीला टाका' हा सल्ला अर्धवट आहे. शिजवूनही काही जिवाणूंचे बीजाणू भातात टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून वाक्य पूर्ण बोला: 'उरलेला भात दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.' उरलेले अन्न गरजूंना देण्याबद्दल बोलणार असाल तर तोच नियम. सुरक्षित नसलेले अन्न दान केल्याने सुरक्षित होत नाही. जादा अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, तेवढा उल्लेख पुरे.

प्रमाण सांगा. एका वेळच्या जेवणात पोळी-भाजीबरोबर माणशी ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ बहुतेकांना पुरतो, शिजून तो सुमारे २०० ग्रॅम होतो. फ्रिजच्या दर्शनी कप्प्यात 'आधी संपवायचे' अशी एक पारदर्शक टोपली ठेवा. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा ही नावे घेतली की हॉलमध्ये हमखास कुजबुज होते. दोन सेकंद थांबा आणि ती होऊ द्या.

पायरी ५: दिव्यांप्रमाणे कापा

वेळ दाखवणारे दिवे असे लागतात: पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. साडेचार मिनिटांपेक्षा कमी किंवा साडेसातपेक्षा जास्त झाले तर उत्तम वक्त्याच्या मतदानातून नाव जाते. म्हणून लक्ष्य सव्वासहा ते साडेसहाचे ठेवा. ढोबळ वाटणी अशी: सुरुवात ४० सेकंद, आकडा सव्वा मिनिट, कारणे अडीच मिनिटे, उपाय दीड मिनिट, शेवटची विनंती अर्धा मिनिट. म्हणजे उपाय सुरू होऊन थोडा वेळ गेला की हिरवा दिवा लागायला हवा. तो कारणांवर असतानाच लागला, तर उरलेले कारण तिथेच सोडून द्या, वेग वाढवू नका.

विराम घेत मराठीत बोलताना बहुतेकांचे मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात, तेव्हा मसुदा ६५० शब्दांच्या आत हवा. इंग्रजी भाषणांचा १३० चा हिशेब इथे लागू होत नाही.

सुरुवात 'अन्न हे पूर्णब्रह्म'ने करू नका. ओळ सुंदर आहे, पण सगळ्यांना पाठ असल्यामुळे ऐकणे तिथेच सुटते. 'काल रात्री तुमच्या घरी किती भात उरला?' असे विचारून तीन सेकंद गप्प राहिलात तर लोक खरोखर आठवू लागतात.

पायरी ६: बरणी

पाऊण लिटरच्या पारदर्शक बरणीत ६०० ग्रॅम कोरडे तांदूळ भरा. भागाकार झाला की ती टेबलावर ठेवा आणि हे चौघांच्या घरातले एका दिवसाचे वजन आहे, असे सांगा. शिजवलेले अन्न आणू नका. वास येतो, सांडते, आणि नासाडीवरच्या भाषणात ते शेवटी टाकावेच लागते. बरणी हातोहात फिरवायला देऊ नका, नजर तुमच्यावरून उठून तिच्यामागे जाते. आधी ती व्यासपीठामागे झाकून ठेवा.

पायरी ७: सभेआधीची कामे

उभे राहून, मोबाइलवर वेळ लावून किमान तीनदा पूर्ण म्हणा. आह-काउंटर, म्हणजे भरीचे शब्द मोजणारा सदस्य, 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' टिपेल. या विषयात 'आपण सगळेच' हीदेखील तशीच सवय आहे. मसुद्यात ती शोधून जिथे जमेल तिथे 'घरात', 'फ्रिजमध्ये', 'मंडईत' घाला.

नाश्त्याची व्यवस्था पाहणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा आणि येणाऱ्यांच्या नावांवरून वडे मागवायला सांगा. भाषणानंतर टेबलावर दहा वडे उरलेले असतील तर लोकांना तेवढेच लक्षात राहील.

इव्हॅल्युएटरकडे, म्हणजे भाषणावर अभिप्राय देणाऱ्या सदस्याकडे, २ ते ३ मिनिटे असतात आणि त्यात तो सहसा आवाज, हातवारे, नजर यावर बोलतो. त्याला आधीच दोन प्रश्न लिहून द्या: उपदेश केल्यासारखे कुठे वाटले, आणि घरी जाऊन नेमके काय करायचे ते कळले का? दुसऱ्याचे उत्तर त्याला एका वाक्यात देता आले नाही, तर पुढच्या वेळी पायरी १ मधले वाक्य बदलून हेच भाषण पुन्हा करा.