लेदर, बूट आणि रोजचा रस्ता : गे बाइकरांनो, या चुका टाळा

गेली अठरा वर्षे मी पुण्यात मोटरसायकलवरून कामाला जातो आणि त्यांतली चौदा वर्षे लेदरचे जॅकेट आणि घोट्याच्या बऱ्याच वर येणारे बूट घालून जातो. मी गे आहे आणि हे कपडे माझ्यासाठी संरक्षण आहेत तशीच ओळखही आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, त्यानंतर आमच्या रविवारच्या राइडला येणाऱ्या तरुण मुलांची संख्या वाढत गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र प्रत्येक नव्या मुलाबरोबर त्याच त्या चुका पुन्हा येतात आणि त्यांतल्या काही थेट हाडामांसाशी गाठ घालणाऱ्या आहेत, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली चूक खरेदीच्या दिवशीच होते. दुकानात ‘बायकर जॅकेट’ म्हणून टांगलेले बहुतेक जॅकेट मेंढीच्या पातळ कातड्याचे असते, नाहीतर चक्क रेक्झिनचे. रस्त्यावर घासत जाताना टिकायचे तर गाईचे किंवा म्हशीचे, साधारण १.२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड कातडे हवे. फॅशनच्या जॅकेटचे कातडे अनेकदा त्याच्या निम्म्याच जाडीचे असते. रेक्झिन ओळखायला सोपे आहे. आतल्या बाजूची एखादी उघडी कड शोधून पाहा, खऱ्या कातड्याला तिथे तंतूंची लव दिसते आणि रेक्झिनला विणलेले कापड दिसते. आपल्या दमट हवेत रेक्झिनचा थर काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो, आणि घसरून पडल्यावर तो तापून अंगाला चिकटतो. जॅकेट घालून आरशासमोर उभे राहू नका, गाडीवर बसा आणि हँडल धरा. त्या स्थितीत कोपराचे आरमर, म्हणजे आत बसवलेली संरक्षक गादी, कोपरावरच बसले पाहिजे आणि पाठीचा खालचा भाग उघडा पडता कामा नये. पैसे कमी असतील तर आणखी सहा महिने थांबा आणि तोवर जाड कापडाचे, आरमर असलेले साधे राइडिंग जॅकेट वापरा. पुढच्या प्राइडच्या मिरवणुकीपर्यंत काळे काहीतरी अंगावर हवेच, ही घाई मला अजिबात मान्य नाही.

पावसाळा आणि कपाट

या चुकीबद्दल मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी एक तरी जॅकेट वाया जाते. आमच्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलाने दिवाळीच्या बोनसमधून पहिले चांगले जॅकेट घेतले होते. जुलैमध्ये आम्ही ताम्हिणी घाटात गेलो, तेव्हा त्याने लेदरवरून रेनकोट घालायला नकार दिला, कारण रेनकोटात फोटो चांगले येत नाहीत असे त्याचे म्हणणे होते. मुळशीच्या पुढे आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला आणि घरी पोहोचेपर्यंत जॅकेट आतून-बाहेरून निथळत होते. सोमवारी त्याला तेच घालून ऑफिसला जायचे होते, म्हणून त्याने रात्री केस वाळवण्याच्या मशीनने तासभर गरम हवा मारली आणि सकाळी ऊन पडताच जॅकेट गॅलरीत टांगले. बाह्यांचा कोपराजवळचा भाग पत्र्यासारखा कडक झाला, तेव्हा त्याने त्यावर वाटीभर खोबरेल चोळले आणि जॅकेट ड्रायक्लीनिंगच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिले.

गणपती विसर्जनानंतर त्याचा फोन आला. “दादा, जॅकेटला काहीतरी पांढरं-हिरवं आलंय, जरा येऊन बघ ना.” मी गेलो आणि पिशवी उघडली, तर बंद तळघराला येतो तसा वास आला. कॉलरच्या खाली आणि दोन्ही बगलांत बुरशीची मखमल पसरली होती, आणि कोपराच्या घडीवर अंगठा दाबला तर पृष्ठभागावर आडव्या भेगा उमटल्या. खांद्याची शिवण दोन बोटांनी हलकेच ताणली तेव्हा धागा तुटला. तो मुलगा कॉटवर बसून माझ्या हातांकडे पाहत होता आणि मला त्याला सांगावे लागले की हे जॅकेट आता रस्त्यावर घालण्याच्या लायकीचे राहिलेले नाही.

या प्रकरणात तीन वेगवेगळ्या चुका होत्या. ओल्या कातड्याला एकदम उष्णता दिली की त्याचे तंतू आकसतात आणि एकमेकांना चिकटतात, आणि मग ते कितीही तेल लावले तरी पूर्ववत होत नाहीत. खोबरेल तर कातड्यासाठी वाईटच, कारण ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठते; डिसेंबरात बाटलीत जे होते तेच कातड्याच्या आत होते आणि वर पांढरट डाग उठतात, शिवाय ते खवट होते आणि त्याचे ओघळ शिवणीत मुरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीने आतला दमटपणा आतच कोंडला, आणि बुरशीला तेवढेच हवे असते.

माझी पद्धत कोणत्याही पुस्तकातली नाही, सवयीने बसलेली आहे. भिजलेले जॅकेट मी आधी सुती फडक्याने टिपतो, हँगरच्या दोन्ही खांद्यांवर टॉवेलची गुंडाळी ठेवून ते रुंद करतो, चेन आणि खिसे उघडे टाकतो आणि पंख्याखाली सावलीत दोन दिवस टांगतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरतो आणि ते ओले झाले की बदलतो. पूर्ण वाळल्यावरच, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकेच, लेदर कंडिशनर लावतो. जून ते ऑक्टोबर दर रविवारी जॅकेट कपाटातून बाहेर काढून दिवसभर हवेवर ठेवतो, आणि आत ठेवताना त्यावर आईच्या जुन्या सुती साडीची शिवलेली खोळ घालतो. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या कसरीला मारतात, बुरशीला रोखत नाहीत, आणि त्यांचा वास पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही. बुरशी नुकतीच आली असेल तर नाकाला रुमाल बांधून मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशने झाडा, मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फडके किंचित ओले करा आणि पुसा. आधी आतल्या कडेला लावून रंग जातो का ते पाहा.

उन्हाळ्याबद्दल एवढेच सांगतो की आतला सुती बनियन रोज धुवा, कारण घामातले मीठ कातड्याला खाते, आणि एप्रिल-मेमध्ये शक्यतो दुपारची राइड टाळा. चाळीस अंशांत जॅकेट काढून टाकीवर बांधणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, पण त्यांना माझ्या राइडमध्ये घेत नाही.

अंगावरच्या धातूविषयी

लेदरचे गे पुरुषांशी जडलेले नाते मोटरसायकलवरूनच आले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटरसायकलस्वारांचे क्लब उभे राहू लागले आणि लॉस एंजेलिसमध्ये १९५४ साली स्थापन झालेला सेटर्स हा गे पुरुषांचा मोटरसायकल क्लब त्यांतला अगदी सुरुवातीचा. खिशातल्या रुमालाची आणि कमरेच्या किल्ल्यांची डावी-उजवी भाषा, म्हणजे कोणत्या बाजूला लावले यावरून आपली आवड सांगणे, छातीवर बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस, काळ्या-निळ्या पट्ट्यांचा आणि लाल हृदयाचा १९८९ सालचा लेदर प्राइड ध्वज, हे सगळे त्या परंपरेतून आले. मला या खुणांबद्दल जिव्हाळा आहे आणि माझ्या जॅकेटच्या आतल्या बाजूला त्या ध्वजाचा छोटा पॅच शिवलेला आहे. पण हार्नेसची लोखंडी कडी जॅकेटच्या आत, बरोबर छातीच्या हाडावर ठेवून गाडी चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पडताना सगळे वजन त्या कडीवर येते आणि आरमरचा काही उपयोग होत नाही. कमरेला लटकवलेल्या किल्ल्यांच्या जुडग्याचेही तेच आहे. हार्नेस डिकीत किंवा बॅगेत ठेवा आणि मुक्कामी पोहोचून घाला, रुमालही तिथेच लावा.

चॅप्स, म्हणजे फक्त पाय झाकणारे आणि मागे उघडे असलेले लेदर, जीन्सवरून घालायला हरकत नाही, पण घसरताना आपण बहुधा बसायच्या भागावर घसरतो आणि तिथे चॅप्स नसतात, हे ध्यानात ठेवा.

वर्षातून एकदाच घालणे

नवे, कडक बूट थेट प्राइडच्या दिवशी पायांत घालून चार तास चालणारे मी इतके पाहिले आहेत की आता बॅगेत त्यांच्यासाठी चिकटपट्ट्या ठेवतो. चांगले बूट पायाला सरावायला काही आठवडे लागतात. पहिले दहा-बारा दिवस जाड मोजे घालून घरातच अर्धा तास वावरा, मग किराणा आणायला जा, मग जवळच्या राइडला जा.

किराणा आणायला जाणे मी मुद्दाम म्हटले. अनेक मुले ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोपरा शोधून जॅकेट आणि बूट उतरवतात आणि चपला घालून लिफ्टमध्ये शिरतात, कारण लोक काय म्हणतील याची त्यांना भीती असते. ती भीती मी जगलो आहे, तिला मी हसत नाही, आणि ज्याच्या घरी किंवा नोकरीत खरा धोका आहे त्याने स्वतःला जपावे. बाकीच्यांना एवढेच सांगतो की लोकांच्या नजरेसाठी जॅकेट काढू नका. सुरुवातीला आमच्या सोसायटीतले एक काका रोज विचारायचे, “काय हो, आज कुठल्या शूटिंगला?” मी प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिले, “काका, पडलो तर कातडी सोलू नये म्हणून घालतो.” हे उत्तर खरे आहे, म्हणून ते द्यायला कधी जड गेले नाही. पुढे त्यांचा नातू गाडी शिकू लागला, तेव्हा बूट कुठून घेतले ते विचारायला काका स्वतः दारात आले. मी गे आहे हे त्यांना तेव्हा माहीत होते, कारण माझा जोडीदार माझ्याच घरात अकरा वर्षे राहत होता. देवळात जाताना मी पट्टा आणि जॅकेट बाहेर ठेवतो. जिथली रीत आहे तिथे ती पाळतो.

बूट आणि नाड्या

बुटांत लोक उंची आणि चमक पाहतात. मी सोल, घोटा आणि नाडी पाहतो. सोल तेलावर न घसरणारा आणि शक्यतो शिवलेला असावा, म्हणजे झिजल्यावर बदलता येतो. माझे बूट तीन वेळा नव्या सोलवर चढले आहेत. रविवार पेठेत ते काम करणारे काका बूट हातात घेऊन उलटा करतात, अंगठ्याने टाचेची बाहेरची कड चाचपतात आणि सांगतात, “साहेब, तुम्ही पाय बाहेर टाकून टेकवता, म्हणून इथं झिजतंय.” त्यांचे म्हणणे दर वेळी बरोबर असते. त्यांच्याशी घासाघीस करू नका. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी कातड्याचे काम केले त्यांना या समाजाने त्याच कामासाठी दूर ठेवले, आणि आपण मात्र तेच कातडे अभिमानाने अंगावर मिरवतो, याचे भान आपल्याला हवे. डाव्या बुटाच्या पंजावर गिअरमुळे पडणाऱ्या खळीवर मी त्यांच्याकडूनच कातड्याची एक पट्टी शिवून घेतली आहे.

आता नाडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी आणि माझा जोडीदार वेगवेगळ्या गाड्यांवर जुन्या महामार्गाने लोणावळ्याहून परतत होतो. कामशेतच्या अलीकडे वाहतूक खोळंबली, मी थांबण्यासाठी डावा पाय खाली नेला आणि तो गेलाच नाही. सकाळी घाईत बांधलेल्या नाडीचा फास गिअरच्या दांडीत अडकला होता. १९५ किलोची गाडी उभ्या उभ्या डावीकडे कलंडली आणि माझा पाय तिच्याखाली आला. बुटाचे जाड कातडे नडगीच्या अर्ध्यापर्यंत होते म्हणून घोटा चिरडला नाही. बाहेरच्या हाडाला बारीक तडा गेला आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर झाले. तेव्हापासून नाडीला दुहेरी गाठ मारतो, दोन्ही फास आणि टोके बुटाच्या आत, जिभेच्या मागे खोचतो आणि किल्ली लावण्याआधी वाकून दोन्ही पायांवर हात फिरवतो. शहरात तर मी नाडी नसलेले, पट्ट्याचे इंजिनिअर बूटच घालतो. आतून चेन असलेले बूटही चालतात, पण चेन कातड्याच्या पट्टीने झाकलेली असावी.

त्याच दिवशी एक चूक आणखी कळली आणि ती कपड्यांची नव्हती. महामार्गालगतच्या एका रुग्णालयात परिचारिकेने नाड्या कापून बूट सुखरूप काढला आणि उपचार लगेच सुरू झाले. अपघातग्रस्ताला कागदपत्रांसाठी ताटकळत ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. पण शस्त्रक्रिया करावी लागेल की काय अशी शंका निघाली, तेव्हा खिडकीवर प्रश्न आला, “पेशंटचे नातेवाईक कोण?” माझ्या जोडीदाराने फॉर्म हातात घेतला, तर त्याला बाजूला व्हायला सांगण्यात आले. आदल्याच महिन्यात, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला होता, त्यामुळे दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हते. नाशिकहून माझी बहीण फोनवर आली आणि तिने त्यांना ठणकावून सांगितले, “तो म्हणेल तसंच करा, मी सख्खी बहीण आहे, माझी संमती आहे,” तेव्हा गाडी पुढे सरकली.

म्हणून नव्या मुलांचे बूट तपासताना मी आता एक गोष्ट आणखी तपासतो. रक्तगट, औषधांची ॲलर्जी, पहिला नंबर जोडीदाराचा किंवा जिवलग मित्राचा, दुसरा नंबर रक्ताच्या नात्यातल्या अशा एका माणसाचा ज्याला सगळे माहीत आहे आणि जो फोनवर आपल्या बाजूने बोलेल, एवढे एका कार्डावर लिहून ते लॅमिनेट करा आणि जॅकेटच्या आतल्या डाव्या खिशात ठेवा. फोनवर विसंबू नका, पडल्यावर पहिला तोच फुटतो. कार्ड ठेवण्याआधी त्या दुसऱ्या माणसाशी समोरासमोर बोलून घ्या. घरात असे कोणी नसेल तर मला सांगा, आमच्या राइडमधले दोन जण ओळखीच्या वकिलाकडे जाऊन आपली इच्छा लेखी करून आले आहेत, ते तुमच्याबरोबर येतील. माझ्या कार्डावरची शाई घामाने पुसट होते, म्हणून दर जूनमध्ये, जॅकेटची खोळ धुवायला काढतो त्याच दिवशी, मी नवे कार्ड लिहितो.