कॅरम अवघड करायचाय? बोर्डाला हात लावण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात परभणीकडं दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. पारा चाळिशीपार, दारं अर्धी लोटलेली आणि ओसरीवर कॅरम. त्याच चौघांनी महिनाभर खेळलं की हात असा बसतो, की डाव फोडल्यावर लगोलग चार-पाच सोंगट्या जातात. मग कुणीतरी म्हणतं, "दादा, बोर्ड जरा अवघड करू की." चांगले बोर्ड खराब होतात ते इथूनच. आमचाही झाला होता.

आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चारही पॉकेटांना आतून चिकटवल्या. सोंगटी जेमतेम आत जायची. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की स्ट्रायकर पडतच नाही! स्पर्धेच्या बोर्डाचं पॉकेट ४.४५ सेंमीचं असतं आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंमीचा. म्हणजे मोकळीक फक्त तीन मिलिमीटरची. सोंगटी तर ३.१८ सेंमीपेक्षा मोठी नसते. त्यामुळं पॉकेट बारीक केलं की सोंगटी जाते, स्ट्रायकर मात्र तोंडाशीच अडतो. स्ट्रायकर गेला तर पाळी जाते आणि कमावलेली सोंगटी परत ठेवावी लागते, या धाकानंच तर माणूस मोजून मारतो. तो धाक गेला आणि पोरं धाडधाड मारायला लागली. अवघड करायला निघालो आणि खेळ सोपा करून बसलो. पट्ट्या काढताना पॉकेटाच्या कडेचं पॉलिशही सोबत निघालं, ते वेगळंच.

घरच्या बोर्डाची भोकं खरोखरच मोठी असतील तर आधी पट्टीनं मोजा. साडेचार सेंमीच्या आसपास असतील तर त्यांना हातच लावू नका.

दुसरी चूक पावडरीची. बोर्ड जड केला की खेळ अवघड होतो, असं वाटून पावडर कमी टाकतात. होतं उलटंच. जड बोर्डावर सगळं लवकर थांबतं, जोराची चूक झाकली जाते. स्पर्धेसाठीच्या बोर्डाची परीक्षा अशी असते, की १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण ताकदीनं मारला तर त्यानं किमान साडेतीन फेऱ्या माराव्यात. एवढ्या गुळगुळीत बोर्डावर हलका हात लागतो. सोंगटी घालवून स्ट्रायकर वाचवणं ही तिथली खरी परीक्षा. म्हणून बोरिक पावडर वापरा, पण चिमूटभरच, आणि सुती फडक्यानं सगळीकडं पसरवा. तोंडानं फुंकू नका, लहान लेकरांच्या हाती डबी देऊ नका. ती पोटात जाणं धोक्याचं आहे. पावडर संपली म्हणून ज्वारीचं पीठ टाकलेलं मी पाहिलंय. कण रवाळ असतात, सोंगटी अडखळते आणि रात्रीतून मुंग्या येतात.

जड स्ट्रायकरचंही तसंच. नियमात १५ ग्रॅमची मर्यादा आहे. त्याहून जड घेतला तर सोंगट्या हव्या तशा ढकलल्या जातात, कौशल्य कमी लागतं आणि सोंगट्यांचे टवके उडतात.

आता बोर्ड आपोआपच "अवघड" झाला असेल, म्हणजे सरळ मारलेली सोंगटी एकाच कोपऱ्याकडं वळत असेल, तर ती मजा नाही, बिघाड आहे. मधोमध काचेची गोटी ठेवा. ती पळेल ती बाजू खाली आहे. स्टुलाखाली घडी घातलेला पुठ्ठा सारा आणि गवंड्याची पाणसळ मिळाली तर दोन्ही दिशांनी बघा. स्टूल सरळ करूनही मध्ये खळगा वाटत असेल तर प्लायवूडला बाक आलाय. आपल्याकडं याचं मोठं कारण कूलर. बोर्ड त्याच्यासमोर भिंतीला तिरका टेकवून ठेवला की ओल एका बाजूनं शिरते. आडवा, कोरड्या जागी ठेवा. ओल्या फडक्यानं कधीच पुसू नका. एकाच बाजूची उसळी मेली असेल तर तिथल्या फ्रेमचे स्क्रू ढिले आहेत का ते आधी तपासा.

मग अवघड करायचं कसं? लाकूड तसंच राहू द्या, नियम बदला. मारण्याआधी पॉकेट सांगायचं, दुसऱ्या पॉकेटात गेली तर सोंगटी परत बोर्डावर. किंवा प्रत्येक सोंगटी आधी फ्रेमला लावूनच घालवायची. आमच्याकडं सगळ्यात रंगला तो राणीचा नियम: आपली शेवटून दुसरी सोंगटी गेल्यावरच राणी घ्यायची, म्हणजे कव्हरला, राणीपाठोपाठ घालवायला, एकच सोंगटी उरते. चुकली की राणी पुन्हा मधे. घरात एखादा फारच पुढं असेल तर डावा हात फक्त त्यालाच लावा. बाकीच्यांना लावलात तर धाकटी पोरं चार डावांत उठून जातात.