रोमन ब्राँझचे नाणे कसे वाचावे

इंदूरच्या सराफ्यात एखादे रोमन ब्राँझचे नाणे हाती आले, तर देवघरातल्या तांब्यासारखे ते चिंचेने घासू नये. त्यावरचा हिरवट-तपकिरी थर निघाला की बारीक अक्षरेही त्याच्याबरोबर जातात. मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि तिरप्या उजेडात भिंगातून पाहावे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, इ.स. 330 पासून पाडलेल्या एका प्रकारावर पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम नगरीची देवता, आणि मागे रोमच्या दंतकथेतल्या रोम्युलस व रेमस या जुळ्यांना पाजणारी लांडगी असून तिच्या वर दोन तारे दिसतात. चित्र मोहक खरे, पण नवशिक्याने आधी लांडगीच्या पायांखालची अक्षरे शोधावीत, कारण टाकसाळ तिथे कळते: ‘टीआर’ असल्यास ते आजच्या जर्मनीतील ट्रिअरचे.