बेलबॉटम शिवायला टाकताय? या चुका टाळा

लगीनसराई आली की कुणीतरी रेट्रो थीम ठरवतं आन मग चार दिवस आधी सगळे टेलरकडं पळतात. दरवर्षी त्याच चुका.

सगळ्यात मोठी चूक मोहरीची, म्हणजे पँटच्या खालच्या घेराची. पोरांना वाटतं पँट खालून रुंद केली की झालं बेलबॉटम. तसं नसतं हो, ती पँट कंबरेला वर बेंबीजवळ बसते, मांडीला घट्ट असते आन घेर सुटतो गुडघ्यापासून. परभणीच्या आमच्या भाच्यानं लो-वेस्ट जीन्स घेतली, मांडीपासूनच शिवण उसवून तिकोनी कापड जोडायला लावलं आन माप दिलं स्लीपरवर. म्हातारा टेलर म्हणत होता, "बूट घेऊन ये बाळा, मग माप घेतो." तर ह्याचं आपलं, "राहू द्या काका, उद्याच पायजे." लग्नात घातले उंच टाचेचे बूट, पँट राहिली जमिनीपासून लई वर, वरातीत सगळ्या मावश्या त्याच्याकडंच बघून हसतायत! मी तर बूट पिशवीत घेऊनच टेलरकडं जातो. मागून पँट जमिनीपासून अर्धा इंच वर, पुढून बुटावर टेकलेली. मोहरी गोल 22 ते 24 इंच, उंची कमी असेल तर 20 लई झाली. आन घाई असेल त्यानं साधी पँट घालावी, कुणी जबरदस्ती केली नाही.

दुसरं, कापड. सत्तरच्या दशकात, बेलबॉटमच्या काळी, टेरिलीन (म्हणजे पॉलिस्टर) आन टेरिकॉटची (पॉलिस्टर-कॉटन मिक्स) क्रेझ होती कारण इस्त्रीची कटकट नाही, धुतलं की लगेच वाळतं. पण मे महिन्यात 42 डिग्रीला मांडवात तो चकचकीत पॉलिस्टर शर्ट घालून बसून दाखवा. कॉटन घ्या, मोठ्या फुलांची प्रिंट घ्या, काम भागतं.

लांब कॉलरला आतून बकरम (कडक अस्तराचं कापड) टाकायला सांगा, नायतर लोंबते.

विग, गॉगल, स्कार्फ, जाड बूट सगळं एकदम घालू नका, शाळेचं गॅदरिंग नाही ते. एकच वस्तू जुनी, बाकी रोजचं.

आजीला "तुमच्या काळातली फॅशन" म्हणून फोटो दाखवायला जाऊ नका. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडची माणसं खडी फोडत होती आन सुकडी खात होती, शिव्या खाल.

ट्रंकेतला वडलांचा सफारी सूट काढणार असाल तर आधी बैठकीची शिवण दोन्ही हातांनी ओढून बघा. टेरिकॉट टिकतं पण दोरा कुजतो, आन ती शिवण नेमकी पंगतीत मांडी घालतानाच जाते.