वर्दीत असतानाच पदवी: जवानांनी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत

सैन्यातील बहुतेक शिपाई दहावी किंवा बारावीनंतर भरती होतात आणि पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून, अजून चाळिशीही गाठलेली नसताना, गावी परततात. त्यानंतर दुसरी नोकरी शोधताना त्यांना पहिल्यांदा विचारले जाते ते पदवीबद्दल. सेवेत असतानाच ही पदवी मिळवणे नियमाने शक्य आहे आणि त्यासाठी मुक्त विद्यापीठांची व्यवस्थाही आहे. तरीही अनेकांची पदवी अर्धवट राहते. माझ्या पाहण्यात ती अभ्यास झेपला नाही म्हणून क्वचितच राहते. बहुधा ती पत्ता, परीक्षा केंद्र आणि कागदपत्रांवरील नाव यांत अडकते. म्हणून येथे भर आहे तो कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकावे, यावर.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी पुष्कळ जण शिकण्याचा विचारच सोडून देतात. पंधरा वर्षे सेवा झाली की ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट मिळते, मग वेगळी पदवी कशाला’, असे बराकीत सर्रास ऐकू येते. हे प्रमाणपत्र खरे आहे, पण त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. दहावी उत्तीर्ण असलेला, सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र किंवा नौदल-वायुदलातील त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळवलेला आणि किमान १५ वर्षे सेवा झालेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या गट ‘क’ मधील अशा पदांसाठी पात्र धरला जातो, जेथे पदवी ही आवश्यक अर्हता आहे, परंतु तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नाही. सरकारी बँकांच्या लिपिक पदासाठीही अशी सवलत दिली जाते. त्याच बँकांच्या अधिकारी पदासाठी मात्र खरी पदवीच लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, पदव्युत्तर अभ्यासक्रम, बी. एड., व्यवस्थापनाचे शिक्षण यांपैकी कशाचेही दार या प्रमाणपत्राने उघडत नाही, कारण ते भरतीतील सवलतीसाठी दिलेले आहे, विद्यापीठाने दिलेले नाही. ते अवश्य घ्यावे, जपून ठेवावे, पण त्याला पदवी समजून स्वस्थ बसू नये.

दुसरी गोष्ट बारावीची. दहावीवर भरती झालेल्याने पदवीच्या मागे लागण्यापूर्वी बारावी पूर्ण करावी. ‘बारावी नको, थेट पदवी’ असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्या नादी लागू नये. अर्जांची छाननी करणारे अधिकारी दहावी, बारावी आणि मग पदवी हा क्रम पाहतात आणि त्यात खंड असेल तर नेमका तेथे आक्षेप निघतो. नोकरीत असलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. तिची नोंदणी ५ वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत होतात. राज्य मंडळाच्या बारावीत एखाद-दोन विषयांत अडकलेल्याला, काही अटींवर, उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तेथे वर्ग करून घेता येतात. ही सोय माहीत नसल्याने मुले पुन्हा पाचही विषयांना बसतात.

आता विद्यापीठाची निवड. मराठी मुलांचा ओढा साहजिकच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे असतो. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात मराठीतून पदवी घेता येते, अभ्यासक्रमाची पुस्तके सुबोध आहेत आणि गावाजवळच्या महाविद्यालयात अभ्यास केंद्र सापडते. अडचण एकच, पण मोठी: त्याचे सारे जाळे महाराष्ट्रात आहे. ज्याची बदली देवळाली, अहिल्यानगर, कामठी किंवा पुण्यात आहे आणि पुढची दोन-तीन वर्षे तेथेच राहण्याची खात्री आहे, किंवा ज्याची निवृत्ती तोंडावर आली आहे, त्याने हे विद्यापीठ डोळे झाकून निवडावे. ज्याची पलटण पुढच्या वर्षी तवांगला असेल की जैसलमेरला, हेच ठाऊक नाही, त्याने मात्र इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, निवडावे हे बरे.

इग्नूची स्थापना १९८५ ची. तिची प्रादेशिक केंद्रे देशभर आहेत, बी. ए. सारखी पदवी किमान ३ आणि कमाल ६ वर्षांत पूर्ण करता येते, वयाची वरची मर्यादा नाही आणि परीक्षेचा अर्ज भरताना देशातील सोयीचे केंद्र निवडता येते. भूदल, नौदल आणि आसाम रायफल्स यांच्यासाठी तिने वेगळी मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रेही ठेवली आहेत. आपल्या पलटणीचे काम कोणत्या केंद्रामार्फत चालते, हे पलटणीतील शिक्षणाचे काम पाहणारे एज्युकेशन जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) किंवा शिक्षण हवालदार यांना आधी विचारावे. माध्यमाची चिंता करू नये. मराठी मुलगा फौजेत दहा वर्षे काढतो तेव्हा त्याला हिंदीतून उत्तर लिहिणे जड जात नाही, फक्त वाक्याच्या शेवटी अधूनमधून ‘आहे’ येते. तपासणारा तेवढे समजून घेतो.

विद्यापीठ कोणतेही असो, प्रवेशाआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी पाहाव्यात: त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी मान्यता आहे का आणि तुम्ही निवडलेला नेमका अभ्यासक्रम यादीत आहे का. मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, कायदा यांसारखे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देण्यास मात्र परवानगीच नाही. ‘दोन वर्षांत घरबसल्या इंजिनिअर’ अशा जाहिराती छावणीच्या बाहेरच्या भिंतींवर दिसतात, त्या भिंतीवरच राहू द्याव्यात.

यानंतर येते ते सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम: नाव. महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. समजा, गुणपत्रिकेवर ‘शिंदे संदीप बबन’ असे आहे. भरतीच्या वेळी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या सेवा नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, ते ‘संदीप शिंदे’ झाले, बँकेत ‘संदीप बबन शिंदे’ झाले आणि रोमन लिपीत लिहिताना एकाने ‘दी’ साठी एक आय घातला, दुसऱ्याने दोन ई घातले. फौजेत हे चालून जाते, कारण तेथे माणूस नंबराने ओळखला जातो. विद्यापीठाच्या संगणकाला मात्र तुमचा नंबर ठाऊक नाही. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, तो शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या (विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) खात्याशी जोडलेला असतो आणि ते खाते आधारवरून, डिजिलॉकरमार्फत उघडले जाते. एका अक्षराचा फरक असला तरी गाडी येथे थांबते.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी खाटेवर सगळे कागद शेजारी शेजारी मांडावेत: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि हवालदार क्लार्ककडून मिळणारा सेवा नोंदीचा उतारा. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः बोट ठेवून ताडून पाहावी. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्यावेत. सेवा नोंदीत चूक असेल तर ती पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीतील बदलाचा अधिकृत आदेश, निघाल्याशिवाय दुरुस्त होत नाही आणि त्याला कधी कधी कित्येक महिने लागतात. तोवर आधारमधील दुरुस्ती सुट्टीत करून घेता येते. जन्मतारखेतील तफावत असेल तर स्वतःच्या मताने काहीही बदलू नये, आधी क्लार्कशी बोलावे, कारण तिचा संबंध निवृत्तीशी पोचतो.

प्रवेशासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लेखी घ्यावी. काही जण ‘कोण विचारतो’ म्हणून परस्पर प्रवेश घेतात आणि परीक्षेसाठी सुट्टी मागताना अडचणीत येतात. शिवाय पदवी झाल्यावर तिची सेवा पुस्तकात नोंद करून घेताना हाच परवानगीचा कागद मागितला जातो. अर्जासोबतचा फोटो साध्या कपड्यांतला द्यावा. लष्करी ओळखपत्राची प्रत अपलोड करण्यापूर्वी पलटणीत विचारावे, बहुतेक वेळा आधारवर काम भागते. अभ्यासाच्या व्हॉट्सॲप गटात सामील व्हायला हरकत नसली तरी ‘सर, मी अमुक पलटणीत, अमुक ठिकाणी आहे, पुस्तके आली नाहीत’ असा मजकूर तेथे कधीही टाकू नये. २०२० साली सैन्याने ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, ती उगाच नव्हे.

पत्ता हा स्वतंत्र विषय आहे. ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) हा पत्ता आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड टपाल खात्याला नीट कळतो, पण खासगी कुरिअर तेथे पोचत नाही आणि काही ऑनलाइन अर्ज हा पिनकोड घेतही नाहीत. अर्जात गावचा पत्ता द्यावा, पुस्तके मात्र डिजिटल स्वरूपात घ्यावीत. इग्नूत छापील पुस्तके नको म्हटल्यास शुल्कात सवलतही मिळते. नेटवर्क असेल त्या दिवशी सगळी पुस्तके मोबाइलमध्ये उतरवून ठेवावीत. पुढच्या चौकीवर नेटवर्क असेलच असे नाही. मोबाइल वापरावर बंदी असलेल्या जागी जायचे असेल तर महत्त्वाचे भाग पीस पोस्टिंगमध्येच, म्हणजे शांत भागातल्या छावणीत असतानाच, छापून घ्यावेत.

इग्नूच्या बहुतेक विषयांत ३० टक्के गुण गृहपाठाला आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतात, आणि गृहपाठ दिल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही. परीक्षेत सत्तर टक्के मिळवूनही निकालपत्रात ‘अपूर्ण’ हा शेरा पाहिलेले जवान मला भेटले आहेत. त्यांनी गृहपाठ एकतर दिलेला नव्हता किंवा दिल्याचा पुरावा ठेवला नव्हता. प्रत्येक गृहपाठाच्या पानांचे फोटो काढावेत आणि पोच पावती जपावी.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि अर्ज दोन-अडीच महिने आधी भरावा लागतो. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, पण तिचे वाटप आपल्याकडे आधीच ठरलेले असते: चैत्र-वैशाखात गावची यात्रा, मग पेरणी, मग गणपती आणि मध्ये कोणाचे तरी लग्न. यातून परीक्षेचे दिवस निघत नाहीत, ते आधी बाजूला काढावे लागतात. वर्षाच्या सुरुवातीला रजेचा तक्ता बनतो तेव्हाच परीक्षेच्या संभाव्य तारखा सुभेदार साहेबांच्या कानावर घालाव्यात. एका सत्रात सगळे विषय देण्याचा हट्ट करू नये. सहा वर्षांची मुदत आहे, फील्डमधल्या, म्हणजे सीमेसारख्या भागातल्या तैनातीच्या, वर्षी दोनच विषय दिले तरी चालते.

अग्निवीरांचे गणित थोडे वेगळे आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, त्याच सुमारास सेवेत असताना मिळवायच्या ३ वर्षांच्या कौशल्याधारित पदवीचीही घोषणा झाली. तिची ५० टक्के क्रेडिट (श्रेयांक) सैन्यात मिळालेल्या प्रशिक्षणातून धरली जातात आणि उरलेली ५० टक्के इग्नूच्या विषयांतून मिळवायची असतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी असे टप्पे आहेत, त्यामुळे मध्येच थांबावे लागले तरी हाती काहीतरी राहते. दहावीवर आलेल्या अग्निवीरांसाठी बारावीची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत आहे. अडचण वेळेची आहे. सेवा ४ वर्षांची, त्यातील सुरुवातीचे महिने प्रशिक्षणात जातात, आणि कायम होण्याची संधी २५ टक्क्यांपर्यंतच्याच मुलांना असते. ‘आधी बघू कायम होतो का’ म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत थांबणाऱ्याला सेवेत पदवी पूर्ण करता येत नाही. प्रशिक्षण केंद्रातून पलटणीत आल्यावर पहिल्याच प्रवेश सत्रात नाव घालावे.

अधिकाऱ्यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडतानाच त्यांच्या हाती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी असते. निवृत्तीच्या वाटेवर असलेल्यांसाठी संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये २४ आठवड्यांचे अभ्यासक्रम चालवते, त्याच्या शुल्काचा काही भाग अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. याच महासंचालनालयाचे जवान आणि जेसीओंसाठीही पुनर्वसन अभ्यासक्रम आहेत, पण ते पदवीचे नव्हेत, रोजगाराच्या कौशल्याचे आहेत. पदवी आधी झालेली असेल तर हा अभ्यासक्रम तिला जोड म्हणून निवडता येतो; पदवी नसेल तर जो मिळेल तो घ्यावा लागतो.

शेवटचा निकाल लागल्यावर गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र ही तिन्ही मागून घ्यावीत आणि निवृत्तीच्या आधी, पलटणीत असतानाच, पदवीची पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी. त्यानंतर डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणारी नोंदवही, हातात पडेल तेव्हा नागरी शिक्षणाचा रकाना तेथेच उघडून वाचावा. त्यात अजून ‘दहावी’ लिहिलेले असेल तर सही करण्यापूर्वी ते क्लार्कला दाखवावे, कारण गावी परतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना हेच बुक पुढे ठेवावे लागते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात भरतीचे एखादे वर्ष सहज निघून जाते.