कुंडीतल्या लिंबाला फुलं येत नसतील तर

पानं हिरवीगार, पण फुलांचा पत्ता नाही? गच्चीतल्या बुटक्या लिंबाला आपण रोज पाणी घालतो, तिथेच अडतं. बागायतदार आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, लिंबाच्या झाडाला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात; तसाच कुंडीलाही द्यायचा. पुण्यात त्यासाठी डिसेंबरअखेर उत्तम.

१. पाणी बंद करा. दिवस मोजू नका, पानं बघा. सकाळीही मलूल दिसली की ताण पुरे.
२. वरची माती हलक्या हाताने उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत मिसळा.
३. पहिल्या दिवशी थोडं, मग दोन-तीन दिवसांत वाढवत नेहमीइतकं पाणी.

नवी पालवी आणि कळ्या बरोबरच दिसू लागतात. फार सुंदर दिसतं तेव्हा झाड!

फळं लागलेल्या किंवा नुकत्याच लावलेल्या रोपाला मात्र ताण देऊ नका.