कुंडीतल्या लिंबाला लिंबं लागत नाहीत? मग हे करा

कुंडीत लिंबू लावणाऱ्यांची बहुतेकांची तक्रार एकच असते, झाड मस्त हिरवंगार आहे, पानं चकचकीत आहेत, पण लिंबं काही धरत नाही. मग लोक खत वाढवतात, अजून पाणी घालतात आणि झाड अजून पानं काढत बसतं. खरं तर लिंबाला ऊन आणि कोरडेपणा लागतो, आणि शेतकरी ज्याला ताण देणं म्हणतात, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणं, ते कुंडीतसुद्धा करता येतं. ते खाली सविस्तर लिहिलंय पण आधी लागवड नीट हवी.

रोप कुठलं घ्यायचं

बी लावून पण रोप येतं. कागदी लिंबाच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक मूळ झाडासारखेच निपजतात, म्हणून शेतात बीपासून केलेली रोपं सर्रास लावतात. पण फळ यायला चार-पाच वर्षं जातात आणि काटे पण जास्त, त्यामुळे कुंडीसाठी गुटी कलम (फांदीची साल काढून तिथेच मुळं आणून केलेलं) किंवा डोळा भरलेलं कलमच (दुसऱ्या रोपावर चांगल्या लिंबाचा डोळा बसवून केलेलं) घ्या, दोन-तीन वर्षांत लिंबं येतात. कागदीची जात म्हणाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती, फुले शरबती किंवा परभणीच्या विद्यापीठाची विक्रम, प्रमालिनी. मुंबई-कोकणासारख्या धो-धो पावसात राहत असाल तर नर्सरीत सीडलेस म्हणून मिळतं ते लावलेलं बरं, कारण कागदी लिंबावर पावसात खैऱ्या (पानं-फळांवर खरबरीत ठिपके पडणारा रोग) फार लवकर येतो. चव मात्र कागदीचीच, लोणचं घालायचं असेल तर त्याला पर्याय नाही.

डोळा भरलेल्या कलमाला खाली एक जोड दिसतो. त्या जोडाच्या खालून फूट आली की लगेच काढून टाकायची, कारण ती जंबेरी लिंबासारख्या खुंटाची, म्हणजे ज्यावर डोळा बसवला त्या खालच्या रोपाची असते आणि ती जोमाने वाढून वरचं चांगलं लिंबू मारून टाकते. झाड वाढतंय म्हणून खूश व्हायचं आणि वाढत असतो खुंट, असं खूप ठिकाणी बघितलंय.

कुंडी आणि माती

एकदम मोठ्या ड्रममध्ये छोटं रोप लावू नका, एवढी माती लवकर वाळत नाही आणि मुळं कुजतात. आधी १२ इंची कुंडी, मग वर्ष-दीड वर्षाने १८ ते २० इंची. खाली चार-पाच भोकं पाहिजेत, त्यावर खापराचे तुकडे ठेवायचे आणि कुंडी विटांवर ठेवायची म्हणजे पाणी निघून जातं आणि स्लॅबपण ओला राहत नाही. नुसती काळी माती अजिबात नको. निम्मी लाल किंवा पोयट्याची माती, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्यात जाड वाळू आणि थोडं कोकोपीट, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. जोड मातीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे.

ऊन आणि पाणी

दिवसाला सहा तास तरी थेट ऊन. तेवढं येत नसेल तर झाड जगेल पण लिंबं फार लागणार नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. पाणी रोज ठरलेल्या वेळेला घालायचं नाही, मातीत बोट दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी आणि घालायचं तेव्हा खालून बाहेर येईपर्यंत भरपूर. एप्रिल-मेमध्ये रोज लागू शकतं, थंडीत दोन-तीन दिवसांनी पुरतं. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका.

ताण कसा द्यायचा

आता मुख्य गोष्ट. लिंबाला आपल्याकडे तीन बहार येतात. मृग बहार म्हणजे जून-जुलैचा फुलोरा, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरचा आणि आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीचा. फुलापासून लिंबू तयार व्हायला साधारण पाच-सहा महिने, म्हणजे हस्त बहाराची लिंबं ऐन उन्हाळ्यात येतात जेव्हा बाजारात भाव चढलेला असतो. शेतकऱ्याची अडचण ही की ऑगस्ट-सप्टेंबरला पाऊस चालू असतो त्यामुळे जमिनीला ताण बसत नाही. कुंडीवाल्याला हा प्रश्नच नाही! कुंडी उचलून पत्र्याखाली कडेला घ्या, नाहीतर मातीवर प्लास्टिक असं बांधा की पाऊस आत जाणार नाही पण पानांना ऊन मिळेल.

ऑगस्टच्या शेवटी खत बंद करायचं आणि पाणी तोडायचं. रोज सकाळी झाड बघायचं. पानांची चकाकी गेली, ती जरा आत वळायला लागली, एक-दोन जुनी पिवळी पानं गळाली की ताण पुरे झाला. किती दिवस ते कुंडीवर आणि हवेवर आहे, त्यामुळे कॅलेंडर बघू नका पान बघा. फांद्या वाळायला लागेपर्यंत थांबायचं नाही, कुंडीत माती थोडी असते. मग वरची दोन इंच माती हलकी उकरून सुकलेल्या काड्या कापायच्या, चार-पाच मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची, पहिलं पाणी थोडं, दोन दिवसांनी त्याहून जास्त आणि मग नेहमीसारखं. नवी पालवी आणि पाठोपाठ कळ्या दिसतात. हे फक्त तीन वर्षांच्या पुढच्या निरोगी झाडाला करायचं, लहान रोपाला नाही.

फुलं आल्यावर पाणी चुकवू नका, आता ताण दिला तर फुलं आणि वाटाण्याएवढी फळं गळतात. थोडी गळणारच, सगळी फळं झाडाला पेलत नाहीत. फुलोऱ्यात कुठलीही फवारणी नको, मधमाश्या येतात.

कीड, रोग आणि पिवळी पानं

कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवी होते आणि लहान झाड दोन दिवसांत ओकंबोकं करते. हाताने उचलायची, बस. पानावर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडून टाकायची आणि नवीन पालवी येताना लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं. पानं-फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी कडा म्हणजे खैऱ्या. तेवढ्या फांद्या कापा, लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारा, आणि भर पावसात छाटणी करू नका कारण तो जखमेतून शिरतो.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर जस्त किंवा लोह कमी पडतंय. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंटची (झाडाला सहज घेता येतील अशा रूपातलं जस्त, लोह वगैरे) फवारणी करा आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. सगळं झाडच पिवळं आणि माती ओली असेल तर खत नको, आधी भोकं तपासा.

लिंबाची साल पातळ आणि गुळगुळीत झाली, गर्द हिरवा रंग फिका पडला की कात्रीने थोडं देठ ठेवून काढायचं, ओढायचं नाही. आणि दर दोन वर्षांनी जून लागला की झाड कुंडीतून काढून कडेची मुळं थोडी छाटा आणि ताज्या मातीत परत लावा.